भांडणारे पेपर एका ढिगात ठेवा

"मॅडम, दीडशे पीडीएफ झाल्यात, आता ह्याचं करायचं काय?" पीएच.डी.ला बसलेली मुलं माझ्याकडं येतात ती ही एकच रड घेऊन. बेळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. आता शहापुरात घरीच असते, त्यामुळं संध्याकाळी कुणी ना कुणी लॅपटॉप काखेत मारून दारात उभं असतं. लॅपटॉप उघडला की बहुतेकांकडं तेच. 'नवीन', 'नवीन दोन', 'फायनल', 'सर बोलले ते' अशी फोल्डरं, आणि आत नुसत्या आकड्यांची नावं असलेल्या फाईली. थोडी शिस्तीची मुलं असतात, ती पेपर, म्हणजे शोधनिबंध, वर्षावार लावतात किंवा लेखकाच्या आडनावानं. त्याहून शिस्तीची विषयवार लावतात.

विषयवार लावणं दिसायला शहाणपणाचं दिसतं. पण रिव्ह्यू, म्हणजे आधी झालेल्या संशोधनाचा आढावा, लिहायला बसलं की त्याचा काडीचा उपयोग होत नाही. मग "अमक्याने २०११ मध्ये असे नोंदवले, तमक्याने २०१४ मध्ये तसे नोंदवले" अशी पानंच्या पानं निघतात, गाईड लाल पेन मारून परत देतात, आणि पोरगं पुन्हा माझ्या दारात.

माझं म्हणणं एवढंच आहे. पेपर कशाबद्दल आहे ते विचारू नका, तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला निघालाय ते विचारा. एकाच प्रश्नाच्या मागं लागलेले पेपर एका ढिगात घाला. ढीग बरोबर लागलाय का, हे तपासायची माझी एकच कसोटी आहे: ढिगातले कुठलेही दोन पेपर उचला आणि बघा, ह्या दोघांना एकमेकांशी भांडता येतंय का? प्रत्यक्षात ते सहमत असले तरी चालेल. पण एक 'होय' म्हणाला तर दुसऱ्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. दोघांमध्ये भांडणच शक्य नसेल, तर ते शेजारी नाहीत. चुकून एका गल्लीत आलेत.

एक फोल्डर उघडून बघू

माझ्या भाचीचंच उदाहरण घेते. घर उचगाव भागात, वडिलांचं रताळ्याचं शेत, आणि ती स्वतः धारवाडच्या कृषी विद्यापीठात. आपल्याकडं पश्चिम भागातल्या लाल मातीत पावसाळी रताळी किती घेतात ते बेळगावकरांना सांगायला नको. तिला केशरी गराच्या रताळ्यावर काम करायचं होतं, ज्यात बीटा कॅरोटिन भरपूर असतं आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. तिनं 'बीटा कॅरोटिन' नावाचं फोल्डर केलेलं. मी म्हटलं, हे फोडायला लागणार. तर म्हणाली, "कशाला मावशी? कॅरोटिनचे सगळे एका जागी घातलो की मी!"

त्या फोल्डरमधले चार पेपर मी टेबलावर मांडले. एक रताळ्याच्या वाळवलेल्या चकत्या साठवल्यावर कॅरोटिन किती उरतं त्यावर. दुसरा मोझांबिकमधल्या लहान मुलांच्या रक्तातल्या रेटिनॉलवर, म्हणजे अ जीवनसत्त्वावर. तिसरा वाणांच्या संकरावर: कॅरोटिन वाढलं की कंदातला पिष्टाचा आणि एकूणच कोरड्या भागाचा अंश कमी होताना दिसतो, तर ही जोडी तोडता येईल का? चौथा, आयांना आणि पोरांना ही मऊ, केशरी रताळी खायला आवडतात का, ह्यावर. आता सांगा, चकत्यांचा पेपर आणि मोझांबिकचा पेपर कशावरून भांडणार? एकाला दुसऱ्याचं काही पडलेलंच नाही. चौघांत 'कॅरोटिन' हा शब्द तेवढा सारखा. आमच्या शहापुरात साडीच्या दुकानात रंगावरून गठ्ठे लावलेले असतात आणि गिऱ्हाईक येऊन विचारतं "हजाराच्या आतल्या दाखवा". मग सगळेच गठ्ठे सोडायला लागतात. तिच्या फोल्डरची तीच गत होती.

मग आम्ही त्या फोल्डरातल्या सगळ्या पेपरांवरून प्रश्न काढले आणि पूर्ण वाक्यात लिहिले. त्यातले तीन असे:

केशरी रताळं खाल्ल्यानं मुलांच्या अंगातलं अ जीवनसत्त्व खरोखर वाढतं का?

कॅरोटिन जास्त कधी जातं: शिजवताना, वाळवताना की साठवताना?

कॅरोटिन वाढवूनही रताळं पिठूळ ठेवता येतं का?

पहिल्या प्रश्नाचा ढीग बघा, कारण तिथं भांडण चांगलं रंगतं. दक्षिण आफ्रिकेत शाळेतल्या मुलांना उकडून कुस्करलेलं केशरी रताळं देऊन केलेला एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. तिथं मुलांनी किती खाल्लं हे संशोधकांच्या ताब्यात होतं, आणि यकृतातला साठा सुधारला का हे एका खास चाचणीनं बघितलं होतं. मोझांबिकचा अभ्यास २००७ चा. तिथं शेतकरी कुटुंबांना बेणं दिलं, माहिती दिली, आणि मग पोरांच्या खाण्यात आणि रक्तात काय फरक पडला ते बघितलं. दोन्हींचं उत्तर 'होय'कडं झुकणारं. पण शाळेत ताटात वाढलेलं आणि घरी आपसूक खाल्लेलं ह्यांत अंतर आहे. शिवाय रक्तातलं रेटिनॉल हे माप जरा बेभरवशाचं. पोराला ताप-संसर्ग असला की ते तसंच खाली येतं, आणि साठा बरा असेल तोवर शरीर ते एका पातळीवर धरून ठेवतं. म्हणजे उत्तरं वेगळी आली तर ती रताळ्यामुळं की मोजण्याच्या पद्धतीमुळं, ही चर्चा लगेच सुरू होते. हीच चर्चा म्हणजे तुमचा रिव्ह्यू. भाचीनं त्या संध्याकाळी वहीत जे लिहिलं ते जवळजवळ तसंच्या तसं तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात गेलं.

प्रश्न सापडतो कुठं

पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला लागू नका. ढीग लावताना तरी नाही. सगळे वाचून मग लावीन म्हणणारा वाचतही नाही आणि लावतही नाही.

आधी शीर्षक आणि सारांश. मग थेट प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद. संशोधकांना तिथं सांगावंच लागतं की आतापर्यंत काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि म्हणून आम्ही काय केलं. त्याच्या जरा वर 'हाऊएव्हर' किंवा 'रिमेन्स अनक्लिअर' असलं काहीतरी सापडेल. तिथं पेन्सिलीनं खूण करा. प्रश्न बहुतेक वेळा त्या दोन-तीन ओळींतच बसलेला असतो. त्यानंतर तक्ते आणि आकृत्यांखालच्या ओळी वाचा. सारांशात माणूस फुशारकी मारतो, तक्त्यात मारता येत नाही. शेवटी चर्चेतला मर्यादांचा परिच्छेद, असला तर. एवढं झालं की पेपर खाली ठेवा आणि कार्ड लिहा.

कार्डासाठी मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो, आणि आपल्याकडं मे महिना संपला की घरोघरी गठ्ठा जमतोच. अर्ध्यात कापायच्या. एका पेपरला एक कार्ड. वर कोपऱ्यात पहिल्या लेखकाचं आडनाव आणि वर्ष. त्याखाली प्रश्न, मग काय मोजलं, कुठं मोजलं, काय सापडलं, आणि तुम्हाला काय खटकलं. नमुना देते:

प्रश्न: वाळवलेल्या केशरी चकत्यांमधलं कॅरोटिन कधी जास्त जातं, वाळवताना की ठेवल्यावर?
मोजलं: वाळवण्याआधी, वाळवल्यावर आणि साठवणीनंतर एकूण कॅरोटिनॉइड.
कुठं: युगांडा, साध्या खोलीच्या तापमानाला साठवण.
सापडलं: वाळवताना थोडं जातं, साठवणीत कितीतरी जास्त.
खटकलं: आपल्याकडं पावसाळ्यातली दमट हवा. इथं वेगळं होईल का?

कार्ड मराठीत लिहा, किंवा घरी जी भाषा बोलता तिच्यात. कन्नड माध्यमातून आलेली मुलं कन्नडमध्ये लिहितात, मला चालतं. ह्यात भाषाप्रेमाचा संबंध नाही. इंग्रजी पेपरावरून इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप सारांश उतरवून काढतो, डोकं बाजूला राहतं. शिवाय पुढं प्रबंधात ती वाक्यं जशीच्या तशी घुसतात आणि चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अडकतात.

'खटकलं' ही ओळ मोकळी सोडू नका. काहीच खटकत नसेल तर पेपर नीट बघितलेला नाही असं खुशाल समजा.

आता ढीग

पंधरा-वीस कार्डं झाली की थांबा आणि मांडा. सगळी व्हायची वाट बघू नका. जेवणाचं टेबल पुरतं, नाहीतर फरशी आहेच. पंखा मात्र बंद करा.

इथं एका जपानी माणसाची युक्ती मी सगळ्यांना शिकवते. जिरो कावाकिता हे मानववंशशास्त्रज्ञ. नेपाळमधल्या खेड्यांत फिरून आणलेल्या ढीगभर नोंदींचं करायचं काय, ह्या अडचणीतून त्यांनी १९६० च्या दशकात कार्डं मांडायची एक पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात. १९८४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. तिच्यातली महत्त्वाची गोष्ट ही की आधी कप्पे ठरवायचे नाहीत. कार्डं पसरायची, जी एकमेकांकडं ओढली जातात असं वाटतं ती जवळ सरकवायची, आणि ढीग तयार झाल्यावरच त्याला नाव द्यायचं. मुलं नेमकं उलटं करतात. आधी पाच फोल्डर बनवतात आणि मग पेपर त्यांत कोंबतात. कोंबलेला पेपर पुन्हा कधी बोलत नाही.

ढिगाला नाव देताना दोन अटी. नाव म्हणजे पूर्ण वाक्य पाहिजे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह पाहिजे. 'सोंड्या भुंगा' हे नाव नव्हे. रताळ्याचा सोंड्या भुंगा तुम्हाला माहीत असेलच. अळी कंद पोखरते, कंद कडू होतो, आणि मग तो जनावरंसुद्धा सोडून देतात. ह्या नावाखाली भाचीकडं जाडजूड ढीग होता आणि त्यात कुणीच कुणाशी भांडत नव्हतं. त्यातून निघालेला एक प्रश्न असा: 'कामगंध सापळ्यांनी कंदांचं नुकसान कमी होतं, की ते फक्त भुंगे किती आहेत हे कळायच्या कामाचे?' ह्या सापळ्यात मादीसारख्या वासाला भुलून नर अडकतात. अंडी घालणारी मादी शेतातच राहते, आणि शेजारच्या शेतातून नवे नर येत राहतात. म्हणून एकरी सापळे किती, शेत एकटं की चारी बाजूंनी रताळ्यानं वेढलेलं, बेणं स्वच्छ होतं का, ह्यावर पेपरांची उत्तरं बदलतात. जपाननं कुमे बेटावरून हा भुंगा संपवला आणि २०१३ मध्ये तसं जाहीर केलं; पण तिथं वंध्य केलेले भुंगेही सोडले होते, आणि चारी बाजूंना समुद्र होता. उचगावात समुद्र कुठला आणायचा? असा वाद जिथं पेटतो तो खरा ढीग.

दुसरा प्रश्न: 'वेलाला मातीची भर देऊन जमिनीच्या भेगा बुजवल्या तर भुंग्याला कंदापर्यंत पोचता येतं का?' हा वेगळा ढीग. सापळ्यावाल्यांचं आणि भरवाल्यांचं आपसात काही भांडण नाही.

कसोटी कुठं कामाला येते त्याची आणखी एक गंमत. सापळ्याच्या ढिगात आफ्रिकेतला एक पेपर होता, आणि तो बाकीच्यांशी अजिबात जुळेना. नीट बघितलं तर भुंगाच वेगळा. आपल्याकडं सायलस फॉर्मिकॅरियस. आफ्रिकेत त्याचे भाऊबंद आहेत, त्यांतला सायलस पंक्टिकॉलिस त्या पेपरात होता. त्याचा कामगंध निराळा. म्हणजे त्या पेपरात सापळा चालला किंवा नाही चालला, त्यावरून आपल्या भुंग्याबद्दल काहीच ठरत नाही. कार्ड ढिगातून काढलं. विषयवार फोल्डरात ते जन्मभर तिथंच बसलं असतं.

ढीग फार मोठा झाला तर समजा प्रश्न ढिला आहे. चिकोडीकडचा एक मुलगा उसाच्या पाचटावर काम करायचा. त्याचा 'पाचट जाळण्याचे परिणाम' हा ढीग हाताच्या ओंजळीत मावेना. तो फोडला तर तीन निघाले: पाचट जाळल्यानं खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचं, उत्पन्न घटतं का, न जाळता जागेवर कुजवलं तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब किती वर्षांत वाढतो, आणि न जाळलेला ऊस तोडायला मजूर किती जास्त लागतात. तिसरा प्रश्न कृषिशास्त्राचा नाहीच, मजुरीचा आहे. शेतकरी काडी का लावतो ते त्याच ढिगात कळतं, आणि त्या मुलाच्या प्रस्तावनेत नेमकं तेच नव्हतं.

एकटंदुकटं उरलेलं कार्ड असेल तर त्याला 'इतर'मध्ये टाकू नका. 'इतर' हा ढीग नसतो, अडगळीची खोली असते. एकटं राहू द्या, बाजूला. पुढच्या वीस कार्डांत त्याला जोडीदार मिळतो का बघा. नाहीच मिळाला तर एक तर तो तुमच्या कामाचा नाही, नाहीतर फारच कामाचा आहे. दुसरी शक्यता कमी असते, पण असते.

एक पेपर, दोन ढीग

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: दोन कार्डं करा आणि दोन्हीकडं ठेवा. ग्रंथालयात आमची अडचण अशी की पुस्तक एकाच कपाटात उभं राहू शकतं. अमेरिकन ग्रंथपाल ड्यूईनं १८७६ मध्ये पुस्तकं लावायची दशांश पद्धत काढली ती त्याच हिशोबानं: एका पुस्तकाला एक आकडा, एक जागा. आपले भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन ह्यांना ते पटेना. गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण छापलं. विषयाचे पैलू वेगळे करा आणि मग जोडा, हे त्यांचं म्हणणं. वस्तू कुठली, तिचा कुठला गुण किंवा भाग, तिच्यावर क्रिया कुठली, स्थळ कुठलं, काळ कुठला. नोकरीभर मी ड्यूईचे आकडे चिकटवले, पण डोक्यानं मी रंगनाथनांचीच. त्यांची शेवटची वर्षं आपल्या बेंगळुरूतच गेली आणि १९६२ मध्ये त्यांनी तिथं प्रलेखनाचं (डॉक्युमेंटेशनचं) प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, हे इथल्या ग्रंथपालांनाही अनेकदा आठवत नाही.

हे पैलू कार्डाच्या मागं लिहून ठेवा: पीक, वाण, देश, वर्ष, पद्धत. प्रश्नावरून ढीग लावला की आतला वाद सोडवायला हेच पैलू उपयोगी पडतात. दोन पेपर भांडतायत? मागं बघा. एक कोरडवाहू, एक पाण्याखालचं. भांडण निम्मं मिटतं.

कॉम्प्युटरवर हे काम झोटेरो ह्या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करा. फुकट आहे, २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेलं आहे, आणि मराठी नावंही नीट दाखवतं. 'कलेक्शन' म्हणजे फोल्डर नव्हे हे आधी डोक्यात पक्कं करा. एकच नोंद ओढून तीन कलेक्शनमध्ये टाकली तरी फाईल एकच राहते. कलेक्शनला तुमचा प्रश्नच नाव म्हणून द्या. पीक, देश, पद्धत हे 'टॅग' म्हणून लावा. विंडोजवर एखादी नोंद निवडून कंट्रोलची कळ दाबून धरली की ती कुठल्या कुठल्या कलेक्शनमध्ये आहे ते रंगून दिसतं. दोन प्रश्नांमध्ये सारख्या उड्या मारणारे पेपर असे सापडतात. फुकटची ऑनलाइन जागा ३०० एमबीच असते, तेव्हा पीडीएफ वेगळ्या पेन ड्राईव्हवर ठेवत चला. नियतकालिकानं मागं घेतलेला (रिट्रॅक्टेड) पेपर असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ती पट्टी दिसली की कार्ड फाडा.

कुणाला ढिगात घ्यायचं नाही

रिव्ह्यू पेपर. ते दुसऱ्यानं लावलेले ढीग आहेत. ते वेगळे ठेवा आणि आपले ढीग लावून झाल्यावर उघडा. आधी उघडले की त्यांचेच कप्पे तुमच्या डोक्यात बसतात.

एकाच प्रयोगावरून काढलेले दोन-तीन पेपर. गाव तेच, वर्ष तेच, मुलांची संख्या तीच. त्यांना रबर बँड लावून एक कार्ड धरा, नाहीतर एकच माणूस तीनदा 'होय' म्हणाला आणि आपल्याला वाटलं तिघं म्हणाले.

शोधतानाच काही पेपर सुटतात, त्याचंही सांगून टाकते. आपल्या जिल्ह्यावरचं काही हवं असेल तर बेळगाव शहराचं जुनं आणि नवं दोन्ही इंग्रजी स्पेलिंग टाका; सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याआधीचे पेपर नव्या नावानं येत नाहीत. रताळ्यासाठी इपोमिया बटाटास हे शास्त्रीय नाव टाका. अमेरिकेत केशरी रताळ्याला सर्रास 'याम' म्हणतात, आणि बाकी जगात याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद; दोन्हीची भेसळ होऊन येते. जुने भारतीय प्रबंध शोधगंगा ह्या ऑनलाइन भांडारात बघा.

मशीनला सांगितलं तर?

हल्लीची मुलं विचारतातच. हजार-दोन हजार पेपर असतील तर मशीन लागणारच. त्यात दोन रस्ते आहेत. एक शब्दांवरून. कुठला शब्द ह्या पेपरात पुष्कळ आणि बाकीच्यांत विरळ आहे, त्याला वजन द्यायचं. त्यातला विरळपणाचा विचार केरेन स्पार्क जोन्स ह्यांनी १९७२ मध्ये मांडला. २००३ मध्ये ब्लाय, एंग आणि जॉर्डन ह्यांनी आणलेली पद्धत प्रत्येक पेपरात कुठले विषय किती मिसळलेत ते आकड्यांत काढून देते. दुसरा रस्ता संदर्भांवरून. दोन पेपर तेच जुने पेपर संदर्भाला घेत असतील तर ते जवळचे, हे केसलर ह्यांनी १९६३ मध्ये सांगितलं. दोन जुन्या पेपरांना नवे पेपर वारंवार एकत्र उद्धृत करत असतील तर ते जवळचे, हे स्मॉल ह्यांनी १९७३ मध्ये. लायडन विद्यापीठाचं व्हीओएसव्ह्यूअर हे फुकट सॉफ्टवेअर त्याचे नकाशे काढून देतं.

माझा कल संदर्भांच्या रस्त्याकडं आहे, कारण भांडणारे लोक एकमेकांचं नाव घेतातच. शब्दांचा रस्ता 'सापळ्यानं नुकसान घटलं' आणि 'घटलं नाही' ह्यांना एकत्र आणेल, ते छानच. पण रताळ्याच्या चकत्यांतलं कॅरोटिन आणि वाळवलेल्या आंब्यातलं कॅरोटिन ह्यांना तो वेगळं करेल, जरी प्रश्न एकच असला तरी. आणि आफ्रिकेतला तो भुंगा त्यानं बहुधा आपल्या भुंग्याशेजारी नेऊन बसवला असता.

गप्पा मारणाऱ्या एआयला पंचवीस सारांश देऊन 'ह्यातून प्रश्न काढ' म्हणायला हरकत नाही. मुलांनी माझ्यासमोर केलंय, आणि एखादा प्रश्न आपल्याला न सुचलेला निघतो. मात्र कुठला पेपर कुठल्या ढिगात, हे त्याच्यावर सोपवू नका, आणि त्यानं सुचवलेला प्रत्येक संदर्भ खरोखर अस्तित्वात आहे का ते डीओआय (पेपराचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून बघा. नसलेले पेपर तो अगदी सालस चेहऱ्यानं सांगतो.

ढिगांवरून लिहायला बसणं

ढीग स्थिर झाले की एक मोठा तक्ता करा. डावीकडं पेपर, वर प्रश्न. जिथं पेपर प्रश्नाला उत्तर देतो तिथं नुसती फुली मारू नका. 'होय', 'नाही', 'अर्धवट' असं लिहा आणि एका शब्दात अट. जेन वेबस्टर आणि रिचर्ड वॉटसन ह्यांनी २००२ मध्ये रिव्ह्यू कसा लिहावा ह्यावर लिहिताना असाच तक्ता सुचवला होता. लेखकावार लिहू नका, संकल्पनेवार लिहा, हा त्यांचा आग्रह. मी फक्त संकल्पनेच्या जागी प्रश्न घालते.

आडवा वाचला की तो तक्ता एका पेपराची गोष्ट सांगतो. तुम्ही उभा वाचा. एक उभी ओळ म्हणजे तुमच्या प्रकरणाचा एक भाग. आधी प्रश्न लिहायचा, मग 'होय' म्हणणारे कोण, 'नाही' म्हणणारे कोण, आणि दोघांच्यात फरक कशामुळं पडला असावा. "अमक्याने असे नोंदवले" हे वाक्य आपोआप मागं पडतं.

जिथं खालपर्यंत मोकळी घरं दिसतात तिथं मुलांचे डोळे चमकतात. "मॅडम, गॅप सापडली!" जरा दम धरा. मोकळं घर तीन कारणांनी मोकळं असतं: कुणी काम केलेलं नाही, तुम्ही नीट शोधलेलं नाही, किंवा त्या प्रश्नात कुणाला राम वाटला नाही. दुसरं कारण आधी खोडून काढा. भाचीच्या तक्त्यात साठवणीच्या प्रश्नाखाली 'पावसाळी दमट हवा, घरगुती पोती' हे घर मोकळं राहिलं. तिनं परत एकदा वेगळे शब्द टाकून शोधलं, आंब्याच्या आणि गाजराच्या वाळवणीचे पेपरही चाळले, आणि मग गाईडकडं गेली. गाईडनं दोनच गोष्टी विचारल्या: पोती कसली, आणि हवेतला दमटपणा मोजणार कशानं. काम तिथून सुरू झालं.

पुढं नवे पेपर येतच राहतात. आला की कार्ड, आणि कार्ड ढिगात. बसत नसेल तर बाजूला. बाजूला पडलेली कार्डं आपसात भांडायला लागली की नवीन ढीग करा, त्याला प्रश्नचिन्हासकट नाव द्या, आणि तक्त्यात उजवीकडं एक रकाना वाढवा. प्रबंध सबमिट होईपर्यंत लग्नपत्रिका टाकून देऊ नका. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमका तो एकच पेपर विचारतात ज्याची पीडीएफ सापडत नाही.